चित्रातला घोडा आणि मृत्यूचा रीटेक : ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या वादाचा पुनर्विचार

चित्रपटातील हिंसेची चर्चा बहुधा परिणामांच्या अंगाने केली जाते. पडद्यावरचे क्रौर्य पाहून प्रेक्षक क्रूर होतो काय, कोवळ्या मनावर त्याचा कोणता संस्कार घडतो, शासनाने कात्री कोठे चालवावी, असे प्रश्न एका पक्षाकडून विचारले जातात. दुसरा पक्ष कलावंताचे स्वातंत्र्य, रूपकात्मता आणि विरेचन यांचा हवाला देतो. देहाची चिरफाड तपशिलाने दाखवणाऱ्या, ज्यांना आता सर्रास ‘अतिरेकी भयपट’ म्हटले जाते अशा चित्रपटांच्या बाबतीत तर हे दोन्ही पक्ष इतके ठरून गेले आहेत की नवा चित्रपट आला म्हणजे केवळ नाव बदलून जुनाच खटला पुन्हा उभा राहतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट मात्र या वादात सहसा तपासली जात नाही. पडद्यावरील हिंसा ही सर्वस्वी ‘दाखवलेली’ गोष्ट आहे, ‘केलेली’ गोष्ट नव्हे, हे ते गृहीतक होय. रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) हा चित्रपट या गृहीतकालाच धक्का देतो, आणि म्हणून अशा चित्रपटांची समीक्षा कोणत्या पायावर उभी राहू शकते याचा विचार करताना तो टाळता येत नाही. चित्रपट थोर नाही. त्याच्या वाट्याला आलेला वाद मात्र सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण बोलका आहे.

कथानक दोन भागांत विभागलेले आहे. ॲमेझॉनच्या अरण्यात मानवभक्षक जमातींवर अनुबोधपट काढायला गेलेले चार तरुण अमेरिकन बेपत्ता झाले आहेत. न्यूयॉर्कमधील एक मानववंशशास्त्रज्ञ, प्राध्यापक मन्‍रो, त्यांचा शोध घेत अरण्यात जातो आणि त्यांचे अवशेष व चित्रफितींचे डबे घेऊन परत येतो. उत्तरार्धात या फिती न्यूयॉर्कमध्ये पाहिल्या जातात. त्यांतून उलगडत जाते ते असे की, सनसनाटी दृश्ये मिळवण्यासाठी या चौघांनीच गावकऱ्यांना झोपडीत कोंडून ती पेटवली, बलात्कार केला, आणि शेवटी जमातीने त्यांचा सूड घेतला. तो सूडही त्यांच्याच कॅमेऱ्याने टिपला. बाहेरची कथा ३५ मिलिमीटरच्या फितीवर, स्थिर आणि नीटस चौकटींत चित्रित केलेली आहे. सापडलेल्या फितींचा भाग १६ मिलिमीटरवर, हातातल्या हलत्या कॅमेऱ्याने, मुद्दाम ओरखडे पाडून. या युक्तीमुळे उत्तरार्धाला कच्च्या दस्तऐवजाची कळा येते. पुढे अनेकांनी वापरून गुळगुळीत केलेल्या ‘सापडलेल्या फिती’च्या तंत्राचा हा एक आद्य आणि आजही प्रभावी नमुना मानला जातो.

फेब्रुवारी १९८० मध्ये मिलान येथे प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच चित्रपट जप्त झाला. प्रथम आरोप अश्लीलतेचा होता. पुढे त्याहून भयंकर संशय बळावला : चित्रपटातील नट खरोखरच मारले गेले आहेत. या संशयाला निर्मात्यांनीच खतपाणी घातले होते. चारही प्रमुख नटांनी वर्षभर कोणत्याही माध्यमातून लोकांसमोर येऊ नये, असा करार करण्यात आला होता, जेणेकरून फिती खऱ्या आहेत हा आभास टिकावा. आभास इतका टिकला की नटांना जिवंत हजर करून दाखवण्याची पाळी दिग्दर्शकावर आली. शूलावर चढवलेल्या तरुणीचे दृश्य कसे घेतले, तेही सांगावे लागले : लोखंडी खांबाला सायकलची बैठक जोडलेली, त्यावर बसलेली मुलगी, आणि तोंडात धरलेले हलक्या लाकडाचे टोक. खुनाचा संशय फिटला. अश्लीलता आणि प्राण्यांवरील क्रौर्य यांबद्दल मात्र देओदातो आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. १९८४ मध्ये इटलीतील बंदी उठली.

हा किस्सा चित्रपटप्रेमींच्या वर्तुळात एखाद्या विजयकथेसारखा सांगितला जातो : पाहा, कला इतकी बेमालूम वठली की न्यायव्यवस्थाही फसली. कथा सांगताना प्राण्यांचा उल्लेख ओझरता येतो, एखाद्या तळटिपेसारखा. वास्तविक चित्रीकरणात सात प्राणी मारले गेले. त्यांत कोआटी हा रॅकूनच्या कुळातला लहान प्राणी होता, मोठे कासव होते, एक डुक्कर, एक साप, एक कोळी आणि दोन छोटी माकडे होती. कॅमेऱ्यासमोर दिसतात ते सहा मृत्यू. माकडे दोन लागली, कारण ते दृश्य दोनदा घ्यावे लागले.

खून झाल्याचा संशय होता, पण खून झाला नव्हता. ज्यांच्या मरणाबद्दल कोणालाच संशय नव्हता, ते मात्र खरोखर मेले होते. हा विरोधाभास केवळ विधिज्ञांच्या उपयोगाचा नाही. रंगानुभवाविषयी भारतीय परंपरेने केलेल्या अत्यंत सूक्ष्म विचाराला तो थेट भिडतो. नाट्यातील राम पाहताना प्रेक्षकाला होणारे ज्ञान कोणत्या जातीचे, हा प्रश्न श्रीशंकुकाने चित्रतुरगन्यायाने सोडवला. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून ‘हा घोडा आहे’ असे आपण म्हणतो. हे ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. या चारही लौकिक कोटींच्या बाहेर असल्यामुळेच ते आस्वादाला पोषक ठरते. शंकुकाच्या अनुमितिवादावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, तरी हा दृष्टान्त मात्र टिकून राहिला, कारण कलानुभवाची एक किमान अट तो सांगतो : घोडा रंगवलेला आहे हे विसरताही कामा नये आणि त्याची सतत आठवणही होता कामा नये.

देओदातोंनी नेमकी हीच अट मोडण्यावर चित्रपटाचा डाव मांडला. प्रेक्षकाने रंगवलेल्या घोड्याला खरा घोडा समजावे, म्हणजे कलानुभूतीऐवजी त्याला सम्यक् ज्ञान झाल्याचा भ्रम व्हावा, यासाठी ओरखडे, करार आणि नटांचा अज्ञातवास ही सारी योजना होती. पण ओरखड्यांनी आणि करारांनी हा भ्रम पुरता उभा राहत नाही. त्याला तारण लागते. ते तारण प्राण्यांच्या मृत्यूने पुरवले. कासव पाण्यातून ओढून काढले जाते, त्याचे मुंडके तोडले जाते, कवच उकलले जाते, पाय हलत राहतात. हे सारे लांबलचक, न कापलेल्या तुकड्यांत दिसते. कोणत्याही कारागिराला हे बनवता येणार नाही, हे प्रेक्षकाला कळते. आणि मग त्याच कॅमेऱ्याने, त्याच हलत्या चौकटीत, तशाच ओरखड्यांतून माणसाचे अंग तोडले जाताना दिसले, तर तेही खरे असले पाहिजे अशी खात्री आपोआप पटते. खऱ्या मरणाच्या पतीवर खोट्या मरणांची हुंडी वटवली जाते. इटलीत उठलेला खुनाचा संशय हा चित्रतंत्राच्या कौशल्याचा पुरावा म्हणून मिरवला जातो; त्यातला मोठा वाटा या तारणाचा आहे.

या तंत्राला खऱ्या मरणाची खरोखर गरज होती काय? ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाने तीच युक्ती, तीच बेपत्ता तरुणांची फीत आणि नट हरवले असल्याची तशीच हूल वापरून भय निर्माण केले. त्यासाठी त्याला पडद्यावर एकही मृत्यू दाखवावा लागला नाही. रूपबंधाने कासव मागितले होते, असे म्हणण्यास जागा राहत नाही.

कासवाच्या दृश्याला बीभत्स रसाच्या संज्ञेत बसवता येईल काय, याचाही विचार करणे उचित ठरेल. भरताने जुगुप्सा या स्थायी भावावर बीभत्साची उभारणी केली आणि रक्त, आतडी यांपासून उद्भवणारा क्षोभज व विष्ठा, कृमी यांपासून उद्भवणारा उद्वेगी असे भेद सांगितले. त्यामुळे रक्तमांसाचे दर्शन आपल्या परंपरेला मुळातच अमान्य होते, असे समजणे चुकीचे आहे. अंकात वध प्रत्यक्ष दाखवू नये हा दंडक होता खरा. पण भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच मरतो, आणि तो अपवाद नाट्याला बाधक ठरल्याचे कोणी मानत नाही. ॲरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’च्या चौथ्या प्रकरणात, प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा वस्तूंच्या, हीन प्राण्यांच्या आणि प्रेतांच्याही, हुबेहूब प्रतिमा पाहताना माणसाला आनंद होतो असे निरीक्षण नोंदवले आहे. दोन्हीकडे आधार एकच : पाहिली जाते ती प्रतिमा आहे.

भयाच्या बाबतीत अभिनवगुप्ताने निवडलेले उदाहरण तर येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे भेदरलेले हरीण त्याने घेतले आहे. ते हरीण अमुक एक हरीण नाही, त्याला भिवविणाराही पारमार्थिक नाही. त्यामुळे ते भय ‘माझे’, ‘शत्रूचे’, ‘मित्राचे’ अशा कोणत्याही संबंधात अडकत नाही, देशकालाच्या मर्यादेतून मोकळे होते आणि आस्वाद्य बनते. साधारणीकरणाची ही प्रक्रिया एका प्राण्याच्या भयावरच समजावून सांगितली गेली, हा योगायोग मोठा आहे. कारण देओदातोंचा कोआटी हा अमुक एक कोआटी आहे. तो १९७९ साली, कोलंबियात लेटिशियाच्या परिसरात, सुरीने मारला गेला. त्याच्या किंकाळीला देश आहे, काल आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक विघ्न, स्वगत वा परगत अशा देशकालविशेषात गुंतून पडण्याचे, येथे प्रेक्षकाच्या मनोवृत्तीतून उद्भवत नाही. ते चित्रफितीतच मुरलेले आहे. ‘शाकुंतला’विषयी किती हरणे मेली असा प्रश्न विचारणारा वाचक वेडा ठरेल. या चित्रपटाविषयी किती माकडे मेली हा प्रश्न वेडेपणाचा नाही, आणि त्याचे उत्तर ‘दोन’ असे आहे.

येथे साहित्यसमीक्षेत रुळलेल्या एका सिद्धान्ताची अडचण उघड होते. कलाकृती स्वायत्त आहे, तिच्या निर्मितीची हकिगत तिच्या मूल्यमापनात आणू नये, ही भूमिका मराठी समीक्षेत दीर्घकाळ प्रतिष्ठित राहिली. कवीचे चरित्र कवितेत शोधणाऱ्यांना आवर घालण्यासाठी ती आवश्यकही होती. ‘सौंदर्यमीमांसे’त रा. भा. पाटणकरांनी कलेची संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे, कोणत्याही एका ध्रुवाला ती पुरती स्वाधीन होत नाही, असे दाखवून दिले. पण त्या साऱ्या चर्चेचा मुख्य आधार शब्दाचा आणि रंगाचा होता. शब्दातल्या हरणाला मारण्यासाठी हरीण लागत नाही. छायाचित्रित प्रतिमा मात्र वस्तूचे नुसते चिन्ह नसते, ती वस्तूने मागे ठेवलेला माग असतो. वाळूतला पाय उमटण्यासाठी पाय तेथे पडलेला असावा लागतो. तेव्हा अशा प्रतिमेच्या निर्मितीची माहिती ही संहितेबाहेरची माहिती नव्हेच. प्रतिमा कशाची आहे, या प्रश्नाच्या उत्तराचा तो भाग आहे. कवितेवरून बेतलेली स्वायत्तता चित्रपटाला जशीच्या तशी लावता येत नाही, ती कोठे तोकडी पडते हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने बैलांच्या झुंजीवरील एका अनुबोधपटाच्या निमित्ताने याच प्रश्नाला हात घातला होता. मृत्यू प्रत्येक सजीवाला एकदाच येतो. चित्रफितीमुळे तोच क्षण दर दुपारच्या खेळाला पुन्हा घडवता येतो, आणि या पुनरावृत्तीत एक मूलगामी अश्लीलता आहे, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. बाझँच्या मनात प्रक्षेपणाची पुनरावृत्ती होती. देओदातोंच्या माकडाच्या बाबतीत पुनरावृत्ती चित्रीकरणातच झाली. नाटकातला मृत्यू रोज पुन्हा होऊ शकतो, याचे कारण तो खोटा असतो; नट उठून तोंड धुतो आणि उद्याच्या प्रयोगाला उभा राहतो. रीटेक ही अभिनयाची सवलत आहे. येथे अभिनयाची सवलत अभिनय नसलेल्या गोष्टीला लावली गेली, आणि ती मिळावी म्हणून दुसरा जीव आणला गेला. या एका तपशिलात चित्रपटाच्या नैतिक स्थितीचे जेवढे दर्शन होते, तेवढे त्याच्या कोणत्याही संवादात होत नाही.

समर्थकांचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद असा की, हा चित्रपट माध्यमांच्या क्रौर्यावरील टीका आहे. तो सहजी झटकून टाकण्याजोगा नाही. इटलीतील ‘रेड ब्रिगेड्स’च्या दहशतवादाच्या काळात वृत्तमाध्यमांनी हिंसेची दृश्ये ज्या हावरेपणाने दाखवली, त्यातून ही कल्पना सुचल्याचे देओदातोंनी सांगितले आहे. शिवाय चित्रपटाला एक पूर्वपरंपरा आहे. ‘मोन्दो काने’ (१९६२) या चित्रपटापासून इटलीत जगभरच्या विचित्र, किळसवाण्या आणि क्रूर चालीरीती ‘वास्तव’ म्हणून विकण्याचा एक धंदाच सुरू झाला होता. त्यातले कितीतरी प्रसंग रचलेले असत. त्या चित्रपटाचे संगीतकार रिझ ऑर्तोलानी यांनाच देओदातोंनी घेतले, आणि कत्तलीच्या दृश्यांवर त्यांची गोड, हळवी धून पसरली. ही निवड उपरोधाची आहे यात शंका नाही. चित्रपटातील दूरचित्रवाणी कंपनीचे अधिकारी फिती प्रसारित करायला आसुसलेले असतात, मन्‍रो विरोध करतो, शेवटी फिती जाळण्याचा हुकूम सुटतो, आणि खरे नरभक्षक कोण असा प्रश्न मन्‍रोच्या मनात उठतो. टीकेचा आशय इतका ढळढळीत आहे की तो शोधून काढावा लागत नाही.

पण या युक्तिवादाला चित्रपटाचीच रचना साथ देत नाही. क्रौर्य चौघा दुर्जनांच्या फितींत आहे, चित्रपट त्यांच्याकडे बोट दाखवतो, असे म्हणावे तर कोआटीचे काय? तो सापडलेल्या फितींत मरत नाही. तो पूर्वार्धात, मन्‍रोच्या शोधमोहिमेत, वाटाड्याच्या हातून मरतो. म्हणजे ज्या स्थिर, नीटस, विवेकी चौकटीतून आपण दुर्जनांचा न्याय करणार आहोत, तिच्यातच. तेथे कॅमेरा कोणत्याही पात्राच्या हातात नाही. तो केवळ दिग्दर्शकाच्या हातात आहे. ज्या हाताने बोट दाखवायचे त्याच हाताला रक्त लागलेले आहे, आणि चित्रपटाला त्याची जाणीव असल्याची एकही खूण आढळत नाही. आत्मटीकेची एखादी पुसट रेषा जरी येथे असती, तरी ‘कॅनिबल होलोकॉस्ट’चे स्थान निराळे ठरले असते. प्राण्यांना यात आणायला नको होते, अशी कबुली देओदातोंनी उत्तरकाळात दिली. ती दिग्दर्शकाची कबुली आहे, चित्रपटाची नव्हे.

जमातींच्या चित्रणाबाबतही हेच म्हणता येईल. यानोमामी हे ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सरहद्दीवरील अरण्यात राहणाऱ्या, खऱ्याखुऱ्या लोकांचे नाव आहे. चित्रपटाने ते नाव घेतले आणि त्याला शत्रूचे मांस खाणाऱ्या टोळीची कल्पित कथा चिकटवली. पाश्चात्त्य माणूसच खरा रानटी, हे सांगण्यासाठी अरण्यातल्या माणसाला आधी पुरेसा रानटी करून ठेवावे लागले.

खऱ्या आणि खोट्या मरणाची ही अदलाबदल ‘द लास्ट रोड टू हेल’ या प्रसंगात कळसाला पोचते, आणि आश्चर्य म्हणजे त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. बेपत्ता चौघांनी पूर्वी काढलेला अनुबोधपट म्हणून मन्‍रोला काही फीत दाखवली जाते. तीत गोळ्या घालून माणसांना देहदंड दिला जात आहे. ही दृश्ये चित्रपटासाठी घेतलेली नाहीत. ती नायजेरिया आणि आग्नेय आशियातील प्रत्यक्ष घटनांच्या वृत्तफितींतून आणलेली आहेत. म्हणजे पडद्यावर खरी माणसे खरोखर मरत आहेत. आणि नेमके याच दृश्यांविषयी कंपनीची अधिकारी स्त्री मन्‍रोला सांगते की ते सगळे नाटक होते, दिग्दर्शकाने सैनिकांना पैसे देऊन ते करवून घेतले होते. खोटे मरण खरे म्हणून आणि खरे मरण खोटे म्हणून, असा हा दुहेरी व्यवहार आहे. चित्रपटाची बुद्धिमत्ता येथे नाकारता येत नाही. परंतु ही बुद्धिमत्ता कोणाच्या जिवावर चालते हे विचारले की ती थंड वाटू लागते. चार गोऱ्या नटांचा ठावठिकाणा लागावा म्हणून जे आकाशपाताळ एक झाले, त्याच्या रूढ कहाणीत त्या खांबाला बांधलेल्या माणसांना जागा नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. प्राणिवधाबद्दल हा चित्रपट दोषी ठरवायचा तर मान्यवर कृतींचे काय करायचे? आयझेनस्टाइनने ‘स्ट्राइक’मध्ये (१९२५) कामगारांच्या कत्तलीशी खाटीकखान्यातल्या बैलाचा वध जोडला. रन्वारच्या ‘रूल्स ऑफ द गेम’मध्ये (१९३९) उमरावांच्या शिकारीत ससे आणि पक्षी खरोखर मरतात. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या (१९७९) अखेरीस रेड्याचा बळी खरा आहे. अभिजात म्हणून मान्यता मिळालेल्या चित्रपटांतील रक्त समीक्षक सहज माफ करतात आणि बाजारू भयपटाचे तेवढे मोजतात, हा आरोप बव्हंशी खरा आहे. पण या कृती एकसारख्या नाहीत. खाटीकखान्यातला बैल आयझेनस्टाइन नसता तरी मेला असता. कोपोलांच्या रेड्याचा बळी फिलिपिन्समधील इफुगाओ लोकांच्या विधीतला होता. रन्वारचा ससा मात्र चित्रपटासाठीच मेला, आणि व्हिव्हियन सोबचॅक या अभ्यासिकेने दाखवून दिल्याप्रमाणे त्याचे मरण कथेच्या चौकटीतून बाहेर सांडते. त्याच चित्रपटातील माणसाच्या मृत्यूचा जो परिणाम होतो, त्यापेक्षा ते वेगळ्या जातीने झोंबते. रन्वारला हे ठाऊक असावे असे चित्रपटाची रचना सुचवते : शिकारीची निष्काळजी रीत पुढे माणसाला लागू होते, आणि आधी मेलेला ससा त्या मृत्यूची जाणीव तीव्र करतो. तरीही सशाच्या बाजूने पाहिल्यास हिशेब पुरता मिटत नाही. तो मिटलेला आहे असे न म्हणणे, एवढी सावधगिरी समीक्षेला रन्वारच्या बाबतीतही घेता येईल.

दुसऱ्या टोकाला, ज्यात कोणालाही इजा झाली नाही असे चित्रपट. स्र्द्यान स्पासोयेविच यांचा ‘अ सर्बियन फिल्म’ (२०१०) हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. त्यातील अत्याचार, बालकांवरचेही, बाहुल्या आणि कृत्रिम अवयव यांच्या साहाय्याने रचलेले आहेत. ब्रिटनमध्ये त्याला चार मिनिटांहून अधिक कात्री लागली; स्पेनमधील सिचेस महोत्सवात तो दाखवला म्हणून महोत्सवाच्या संचालकांवर २०११ मध्ये कारवाई सुरू झाली, ती पुढे सोडून देण्यात आली. सर्बियातील सत्तेने नागरिकांची जी विटंबना केली तिचे हे रूपक, असा दिग्दर्शकाचा दावा आहे. रूपक बाहेरून चिकटवलेले वाटते. प्रसंगांच्या चढत्या कमानीला रूपकाची गरज नाही, ती केवळ पुढच्या धक्क्याकडे धावते. कृती म्हणून ‘अ सर्बियन फिल्म’ उथळ आहे. पण उथळपणा हा गुन्हा नव्हे, आणि येथे चित्रातला घोडा चित्रातलाच आहे. त्याच्याविषयीचे प्रश्न अर्थाचे, अभिरुचीचे, फार तर औचित्याचे आहेत.

चिन्ह आणि वस्तू यांतले अंतर प्रेक्षकाला किती सहज राखता येते, याची मराठी रंगभूमीवरची साक्ष या संदर्भात आठवावी. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’च्या १९७० मधील प्रयोगात माणिकच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा तो निळा करण्यात आला, निळा डाग लाल समजावा अशी सूचना प्रयोगापूर्वी दिली जाई, ही आठवण नाट्यवर्तुळात प्रसिद्ध आहे. डाग निळा झाला म्हणून नाटकाची दाहकता उणावली नाही. तेथे लाल रंगही रक्त नव्हताच.

पाझोलिनींचा ‘सालो’ (१९७५) या दोन टोकांच्या मध्ये येत नाही. तो प्रश्नच निराळ्या पातळीवर नेतो. शेवटच्या छळसत्रात सत्ताधीश आळीपाळीने खिडकीशी बसून दुर्बिणीतून अंगणातले क्रौर्य पाहतात. किंकाळ्या ऐकू येत नाहीत. रेडिओवर कार्ल ऑर्फचे संगीत चालू असते, मग एक तरुण पहारेकरी केंद्र बदलतो आणि दोघे पोरगे नाचाची पावले टाकू लागतात. पाझोलिनींना खरेपणाचे तारण नको आहे. उलट दुर्बीण, मौन आणि अंतर यांतून ते प्रेक्षकाला पुन्हापुन्हा सांगतात की तू पाहतो आहेस, आणि तुझी जागा खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. घोडा रंगवलेला आहे हे लपवले जात नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो असह्य होतो. देओदातोंना जे माध्यमांविषयी म्हणायचे होते, ते पाच वर्षे आधी, एकही खरा जीव न घेता म्हणून झालेले होते.

कायद्याची नजर बराच काळ अश्लीलतेवर खिळलेली होती. ब्रिटनमध्ये १९८० नंतरच्या वर्षांत ‘व्हिडिओ नॅस्टी’ या नावाखाली जे चित्रपट खटल्यांसाठी यादीत घातले गेले, त्यांत ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ होता, आणि त्याच्या शेजारी निव्वळ लाल रंग उधळणारे कितीतरी टुकार भयपटही होते. प्रेक्षक बिघडेल काय, हाच एक गज साऱ्यांना लावला गेला. २०११ मध्ये ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने हाच चित्रपट पुन्हा तपासला, तेव्हा गज बदललेला होता. लैंगिक हिंसेची आणि नरभक्षणाची दृश्ये राहू दिली गेली. प्राण्यांच्या दृश्यांना १९३७ चा कायदा लावण्यात आला. चित्रीकरणासाठी प्राण्याला क्रूर वेदना दिली गेली काय, हे तो विचारतो. जे प्राणी झटकन मेले त्यांची दृश्ये कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. कोआटीला मरायला वेळ लागला होता, म्हणून त्याचे पंधरा सेकंद तेवढे कापले गेले. दाखवण्याऐवजी करण्याविषयीचा हा प्रश्न योग्य दिशेचा होता, उत्तर कितीही त्रोटक असो. कायदा प्राण्यांपुरता होता. ‘द लास्ट रोड टू हेल’मधील गोळीबार जसाच्या तसा राहिला. खांबाला बांधलेली ती माणसे कोण, कोणत्या गावची, कोणत्या आरोपाखाली मारली गेली, हे चित्रपट सांगत नाही. त्यातले एक पात्र एवढेच सांगते की ते पैसे देऊन करवून घेतलेले नाटक होते.